मिठापुरती अम्हारिक

मला किती भाषा येतात हे सांगायची मला फार हौस होती. मराठी, मोडीसकट. इंग्रजी, कामापुरती. हिंदुस्थानी, मोटारीच्या क्लीनरशी भांडण्यापुरती. आणि अम्हारिक. ही चौथी भाषा मी मुद्दाम शेवटी आणि जरा हळू आवाजात सांगायचो, म्हणजे समोरच्यानं ‘ती कुठली?’ म्हणून विचारावं. त्यानं विचारलं की मी ‘अबिसीनियाची’ म्हणायचो आणि चष्मा काढून पुसायला लागायचो. पण एखादा चिवट निघाला आणि ‘बोलून दाखवा की’ म्हणाला, तर मला एकदम काहीतरी काम आठवायचं. कारण मला येणारी अम्हारिक मीठ मागण्यापुरतीच होती, आणि तीही निम्मी उलटी.

लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची ही गोष्ट. मी मुरबाडला शाळामास्तर होतो. आमचं मूळ घर शहापूरला, पण बदली झाल्यापासून आम्ही नवराबायको मुरबाडात दोन खोल्यांत राहत होतो. मला मुरबाडचा कंटाळा आला होता. मुरबाडलाही माझा आला असावा, कारण हेडमास्तरांशी माझं पटत नव्हतं आणि गावात मान हेडमास्तरांना होता. अशात एका वर्तमानपत्रात मी वाचलं, की अबिसीनियात इटलीवाल्यांना हाकलून तिथला राजा परत गादीवर बसलाय, त्यानं शाळा उघडल्यात आणि त्या शाळांसाठी हिंदुस्थानातून मास्तर न्यायचेत. मी वर्तमानपत्राची घडी करून खिशात घातली. घरी पोचेपर्यंत मी मनानं आगबोटीत बसलोसुद्धा होतो.

बायको सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला बातमी वाचून दाखवली, तिथली हवा कशी थंड आहे, मास्तरांना कसा मान आहे, हेही सांगितलं. बातमीत हवेबद्दल काही नव्हतं. ते मी घातलं.

‘तिकडं बोलतात काय?’ तिनं विचारलं.

‘अम्हारिक.’

‘तुमाला येते?’

‘शिकेन की. मास्तर आहे मी. भाषेचं काय एवढं?’

‘आन् मना?’

मी वर्तमानपत्राची परत घडी घातली. तिनं सूप खाली ठेवलं. ‘मंग तुमी जावा,’ ती म्हणाली. ‘मी नाय येणार. मीठ मागता येत नाय अशा घरात मी एकदा राहिलेय.’

हे मिठाचं प्रकरण सांगायला हवं. ती मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतली. त्या वाडीची घरातली बोली निराळी. लग्न होऊन ती शहापूरला आमच्या घरी आली, तेव्हा पहिल्याच जेवणात तिला आमटी अळणी लागली आणि ती ‘मना मीठ द्या’ म्हणाली. आमच्याकडे ‘मला’ म्हणत. तेवढ्या एका ‘मना’वरून घरातल्या बायका हसल्या, शेजारणींना सांगून परत हसल्या आणि पुढं कितीतरी दिवस ती दिसली की ‘मना मीठ, मना मीठ’ चालायचं. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. पण तिनं त्या घरात परत कधी मीठ मागितलं नाही. वाढतील तसं जेवायची. हळूहळू बोलायचीही बंद झाली. मुरबाडला आल्यावरच मला तिचा आवाज नीट ऐकायला मिळाला. तोवर ती ‘मला’ म्हणायला शिकली होती, पण चिडली किंवा घाबरली की तिचं ‘मना’ परत यायचं.

बायकोला मागं ठेवून परदेशी जाणारे पुष्कळ असतात. मला ते जमणारं नव्हतं. मला स्वयंपाक येत नाही, असं कारण मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे तिच्याशिवाय मला करमत नसे, पण हे बोलून दाखवायची तेव्हा पद्धत नव्हती आणि मी पद्धतशीर माणूस होतो. शेवटी आमच्यात ठरलं ते असं: मी ती भाषा शिकायची, तिला शिकवायची, मग तिकडच्या एखाद्या खऱ्या बाईकडं तिनं मीठ मागायचं. त्या बाईनं न हसता मीठ दिलं तर ती येणार. नाहीतर दोघांनीही मुरबाडात राहायचं. मुरबाड तालुक्यात अबिसीनियाची बाई कुठून येणार, असा तिचा हिशेब होता. माझाही तोच होता, पण मी हो म्हणालो.

गुरू मात्र गावातच मिळाला. मुरबाडच्या बाजारात एक खानावळ होती. तिचा मालक तरुणपणी एका गुजराती शेठच्या पेढीबरोबर आचारी म्हणून अदिस अबाबाला गेला होता. इटलीवाले आले, पेढी बंद पडली, तेव्हा तो परत आला. येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या, एक कॉफीचा पत्र्याचा डबा आणि ती भाषा. डब्यात तो लवंगा ठेवायचा आणि भाषा उधारीवाल्यांना शिव्या द्यायला वापरायचा. मी रविवारी दुपारी, गिऱ्हाईक उठल्यावर, त्याच्याकडं गेलो आणि पाटी पुढ्यात घेऊन बसलो.

‘पहिल्यांदा व्याकरण घेऊ,’ मी म्हणालो.

‘ते काय असतंय?’

‘नामं, सर्वनामं, क्रियापदं.’

‘माज्याकडं कांदे हायेत,’ तो म्हणाला. ‘तुमी सोला, मी बोलतो.’

तेव्हापासून दर रविवारी मी कांदे सोलायचो आणि रडत रडत अम्हारिक शिकायचो. तो शिकवायचा ते आपल्या गरजेच्या क्रमानं. पहिला शब्द त्यानं शिकवला ‘लेबा’, म्हणजे चोर. मग ‘वुद्द’, म्हणजे महाग. मग ‘येल्लेम’, म्हणजे नाही, संपलं, शिल्लक नाही. पाणी, कॉफी, बाजार, घर हे मागाहून आले. माणसाला नमस्कार कसा करायचा हे कितीतरी रविवार आलंच नाही, कारण भटारखान्यात नमस्कार कोण करतो? मी तेवढ्या भांडवलावर अबिसीनियात उतरलो असतो तर पहिल्या भेटीत तिथल्या हेडमास्तरांना चोर म्हणता आलं असतं. मुरबाडच्या हेडमास्तरांना मी मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं.

एकदा मी खानावळीच्या दारात उभा होतो आणि आतून तो ‘ना! ना!’ असं ओरडला. आज शिकवणी नाही असं समजून मी घरी परतलो. पुढच्या रविवारी तो म्हणाला, ‘मी बोलावलं तर तुमी पाठ फिरवून गेला काय?’ ‘ना’ म्हणजे ‘ये’. असल्या भाषेत माणसानं काय करावं?

मिठाचा शब्द मी अर्थातच लवकर विचारून घेतला. तो निघाला ‘चव’. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पहिल्यांदाच खुलली. ‘बरोबर हाय त्यांचं,’ म्हणाली, ‘मीठ नाय तर चव नाय.’ पण त्यांचा च आपल्या चहातला, आणि शिवाय तो फोडायचा असतो. आचारी म्हणायचा, दाढेखाली सुपारी फुटते तसा फुटला पाहिजे. तसाच एक त, तसाच एक क. हे फुटणारे वर्ण मला काही केल्या फुटेनात. मी सकाळी धसईच्या रस्त्यानं फिरायला जायचो तेव्हा वाटेत कुणी नाही असं पाहून सराव करायचो. एकदा मी असाच ‘च्! क्! च्!’ करत चाललो असताना मागून भाताच्या पोत्यांची गाडी आली. बैलांना वाटलं हाकणाऱ्यानंच टिचकारलं. ते जे उधळले ते पार वळणापर्यंत. गाडीवान कसाबसा गाडी थांबवून माझ्याकडं वळून ओरडला, ‘ओ मास्तर, माजे बैल तुमचंच ऐकाया लागले! आता तुमीच हाका धसईपतूर!’ त्यानंतर मी सराव न्हाणीत करू लागलो.

बायकोला तो च पहिल्याच दिवशी आला. चुलीपुढं बसून तिनं ‘चव’ म्हटलं आणि सुपारी फुटली. मी म्हणालो, थोडा अजून कोरडा हवा. मास्तरनं काहीतरी म्हणायला हवंच ना.

ती खानावळीत येणं शक्य नव्हतं आणि आचाऱ्याशी तिचं बोलणं तर दूरच. त्यामुळं रविवारी मी आचाऱ्याकडून शिकायचो आणि आठवडाभर घरी तिला शिकवायचो. म्हणजे माझ्या तोंडून माझ्या चुकांसकट तिला भाषा मिळत होती. या व्यवस्थेतच पुढचा सगळा घोटाळा होता, पण मला तेव्हा ती फारच उत्तम वाटली.

घोटाळा असा झाला. ‘मला दे’ कसं म्हणायचं ते आचाऱ्यानं सांगितलं: ‘बाप्याचं सितेन्य, बायचं सिचिन्य.’ ये म्हणायचं तर ‘बाप्याचं ना, बायचं नेय.’ तो पुढं काहीतरी सांगणार होता, पण मी सुरी वर करून त्याला थांबवलं. ‘समजलं!’ मी म्हणालो. माझा विचार असा: मराठीत ‘दे’ म्हणजे दे. समोर बाप्या असो की बाई असो, ‘दे’ बदलत नाही, ‘ये’ बदलत नाही. मग इथं बदललं ते कुणामुळं? बोलणाऱ्यामुळं. ‘मी मागतो’, ‘मी मागते’. बाप्या मागेल तर सितेन्य, बाई मागेल तर सिचिन्य. मला हा नियम इतका आवडला की मी आचाऱ्याला तो समजावून सांगू लागलो. तो म्हणाला, ‘मास्तर, कांदा सोला.’

पुढं ‘बरा आहेस ना?’ हे वाक्य आलं. ‘देहना नेह’ बाप्याचं, ‘देहना नेश’ बाईचं. आता ‘तू कसा आहेस, तू कशी आहेस’ हे मी शाळेत रोज शिकवत होतो. इथं तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण एकदा नियम केला की मास्तर त्याला पाठीशी घालतो. शिवाय ‘मी बरा आहे’, ‘मी बरी आहे’ या दोन्हींना ते एकच ‘देहना नेन्य’ म्हणतात. म्हणजे बोलणाऱ्याचं लिंग दाखवायचं नेमकं जे ठिकाण, तिथं काहीच फरक नाही! मी बायकोला सांगितलं, हा अपवाद.

खानावळीत मी आणि आचारी, दोघेही बाप्ये. मी त्याला नेह म्हणायचो, तो मला नेह म्हणायचा, सगळं ठीक चालायचं. चूक पकडली जायला तिथं बाई असायला हवी होती, आणि बाई घरी होती.

घरी आमचा सराव सुरू झाला. मी बाप्या, म्हणून मी तिला ‘ना’ म्हणायचो. ती बाई, म्हणून मला ‘नेय’ म्हणायची. मी ओटीवरून ‘ना! ना!’ करायचो, ती आतून ‘नेय! नेय!’ करायची, आणि आमच्याकडं ‘नाही’ला ‘नाय’ म्हणतात. शेवटी शेजारीण एके दिवशी तिला बाजूला घेऊन म्हणाली, ‘काय गो, तुमचं दोघांचं आताशा कायच जुळत नाय का? सकाळधरनं नुसतं ना आन् नाय, ना आन् नाय.’ बायको हे मला सांगताना इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

आणखी एक गोष्ट होती आणि ती आम्ही दोघांनीही मोठ्यानं बोलून दाखवली नाही. त्या सगळ्या वाक्यांमध्ये ‘तू’ होतं. मराठीत ती मला ‘अवो’ म्हणायची, ‘तुमी’ म्हणायची. नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदा ‘देहना नेश?’ म्हणाली तेव्हा मी सवयीनं मराठीत अर्थ सांगितला, ‘बरा आहेस का तू?’ ती कानापर्यंत लाल झाली आणि परत चुलीकडं वळली. मी दुसऱ्या रविवारी आचाऱ्याला विचारलं, की बायकोनं नवऱ्याशी बोलायचं मानाचं रूप असेल ना? तो म्हणाला, ‘असंल. मला तिकडं कुणी अहोजाहो केलंच नाय, मास्तर. मला कुठनं ठावं असणार?’ मला बरं वाटलं. घरी येऊन सांगितलं की त्या भाषेत मानाचं काही नाही, ‘तू’च चालवून घ्यावं लागेल. ‘मंग काय करायचं,’ ती मान खाली घालून म्हणाली, आणि पुढच्याच मिनिटाला मला ‘नेय’ म्हणून जेवायला बोलावलं. एकत्र जेवायला बसायची आमच्याकडं पद्धत नव्हती, पण ती ‘चव सिचिन्य’ म्हणायची आणि मी मिठाची वाटी पुढं करायचो. वाटी मी आधीच लांब ठेवलेली असायची.

मग एक दिवस आचारी म्हणाला, ‘आमचा शेठ आता शहापुरात हाय, मास्तर. आसनगावला त्याची गवताची वखार हाय. बायको तिकडचीच केलीय त्यानं. आता बोला तिच्यापुढं.’

आमच्या दोघांचा हिशेब एकदम कोसळला. खरी बाई होती, आणि होती ती आमच्याच शहापुरात. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोचा चेहरा उतरला. ती घाबरली होती, हे मला दिसत होतं. मीही घाबरलो होतो, पण मी कोट झटकायला काढला.

आम्ही किन्हवलीच्या रस्त्यानं बैलगाडीतून गेलो. वाटभर ती ओठांतल्या ओठांत ‘चव सिचिन्य, चव सिचिन्य’ करत होती. मी एका कागदावर आचाऱ्याच्या कॉफीच्या डब्यावरची अक्षरं उतरवून घेतली होती. आपली बाराखडी तशी त्यांची सातांची असते, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. ती अक्षरं महिनोन्महिने गिरवून मी त्यांत काना, वेलांटी, उकार शोधून काढले होते. हा कागद बाईला दाखवून मी तिला थक्क करणार होतो.

शेठ वयस्क, आतिथ्यशील माणूस. त्यांची बायको उंच, सावळी, शांत चेहऱ्याची. गुजराती साडी नेसलेली, पण खांद्यावर पांढरी सुती शाल होती ती तिकडची असावी. ती दारात आली तशी मी पुढं होऊन खणखणीत आवाजात म्हणालो, ‘देहना नेह?’

तिनं माझ्या मागं पाहिलं. मी कोणत्या पुरुषाशी बोलतोय ते ती शोधत होती. मास्तर लोक करतात तेच मी केलं, तेच वाक्य अजून मोठ्यानं म्हणालो. ती नुसती हसली आणि आम्हाला आत या म्हणाली, गुजरातीत. मग मी कागद काढला. तिनं तो हातात घेतला, पाहिला, आणि उलटा फिरवून परत पाहिला. आचाऱ्यानं लवंगा काढायला बुडाकडून झाकण केलं होतं. डबा कायम डोक्यावर उभा असायचा आणि मी सगळी लिपी डोक्यावर उभी शिकलो होतो. माझे काने, वेलांट्या कुठं गेल्या ते मी विचारलं नाही.

एवढ्यानं माझं काम संपलं होतं. बायको कोपऱ्यात गुडघे दुमडून बसली होती. बाईनं आमच्यासमोरच शेगडीवर कॉफीचे दाणे भाजले, त्यांचा धूर आमच्या नाकापुढं फिरवला, कुटले, उकळले आणि बिनकानाच्या इवल्याशा कपांतून कॉफी दिली. बाजूला साखरेची वाटी ठेवली. मी बायकोला कुजबुजून सांगितलं, आत्ता मागू नको, हे गोड आहे, जेवताना माग. पण तिनं वाटभर ते वाक्य तोंडात धरून आणलं होतं आणि आता ते राहणार नव्हतं. तिनं कप दोन्ही हातांत धरला, बाईकडं पाहिलं, आणि म्हणाली, ‘चव सिचिन्य.’

च फुटला. मी डोळे मिटून घेतले. आता हसणार, मला वाटलं. परत ‘मना मीठ’.

कुणी हसलं नाही. डोळे उघडले तर बाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं होतं आणि ती माझ्या बायकोकडं टक लावून पाहत होती. मग उठून आत गेली आणि मिठाची वाटी घेऊन आली. चिमूटभर मीठ तिनं बायकोच्या कपात घातलं, चिमूटभर स्वतःच्या, आणि तिच्याशेजारी खाली बसली. शेठ म्हणाले, ‘हिच्या गावाकडं कॉफीत मीठच घालतात. साखर आमची, वेपाऱ्यांची. इथं आल्यापासून हिच्याकडं कुणी असं मागितलं नव्हतं.’ बाईचे डोळे भरले होते. तिनं बायकोचा हात धरला आणि ती बोलू लागली, आणि थांबेचना. बायकोला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती ‘इशी, इशी’, म्हणजे बरं बरं, म्हणत होती आणि खारट कॉफी पीत होती. ती किती वाईट लागत असेल ते तिच्या भुवयांवरून कळत होतं. तरी तिनं कप संपवला.

मग विजयाच्या भरात तिनं मान वर केली आणि सगळ्यांदेखत मला हाक मारली, ‘नेय!’

बाई फसकन हसली आणि तोंडावर शाल धरून हसतच राहिली. शेठही हसू लागले. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘तुमची मिसेस तुम्हाला बाई समजते काय? पुरुषाला ‘ना’ म्हणतात. ‘नेय’ बाईमाणसाला.’

‘पण बोलणारी बाईच आहे ना!’ मी म्हणालो.

‘बोलणाऱ्याचं कोण बघतो? बोलावलं कुणाला ते बघायचं.’

माझा नियम तिथंच शेगडीत पडला. मी मनाशी जुळवून पाहिलं. ती बाईशी बोलली तर तिचं सगळं बरोबर. मी पुरुषांशी बोललो तर माझं सगळं बरोबर. आमची अम्हारिक सगळ्या जगाशी बरोबर होती. दारातला तो ‘देहना नेह’ सोडला, तर चूक होती ती फक्त आमच्या दोघांत. इतके दिवस मी बायकोला ‘अरे’ म्हणत होतो आणि ती मला ‘अगो’ म्हणत होती.

शेठनी मग हौसेनं सगळं समजावलं. नवऱ्याला, वडीलधाऱ्यांना मान द्यायचा तर तिसरंच रूप असतं, ‘इर्स्वो’ म्हणायचं, आपल्या ‘आपण’सारखं. बायको खाली मान घालून ऐकत होती. मी वर मान करून ऐकत होतो, पण मला वाईट वाटत होतं. आता हे मानाचं रूप आमच्या घरात येणार आणि ते ‘तू’ जाणार, हे दिसत होतं.

परत येताना किन्हवली मागं पडेपर्यंत ती मागच्या रस्त्याकडं बघत होती. मग म्हणाली, ‘येईन मी तुमच्यासंगं.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘त्ये इर्स्वो का काय, त्ये मना नाय जमायचं. जिभेला जड जातंय.’

सुपारी फोडणारा च जिला पहिल्या दिवशी आला, तिला इर्स्वो जड जात होतं. मी म्हणालो, ‘राहू दे मग. जबरदस्ती नाही.’ गाडीवानाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, ‘इशी.’

आता उरली माझी परीक्षा. ती मुंबईला, एका कचेरीत झाली. मी अम्हारिकची सगळी उजळणी करून गेलो होतो, नेह आणि नेश आता सुलटे करून. तिथं अम्हारिकचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. अबिसीनियात शिकवायचं होतं इंग्रजीतून. टेबलामागच्या साहेबानं इंग्रजीत विचारलं, कसे आहात, आणि मी म्हणालो, ‘देहना नेन्य.’ मी घसा साफ करतोय असं वाटून त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. मग त्यानं मला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज इंग्रजीतून शिकवून दाखवायला सांगितली. वर्षभर मी इंग्रजीला हात लावला नव्हता. त्रिकोण मला माहीत होता, कोन माहीत होते, पण इंग्रजीत ते एकमेकांना भेटेनात. साहेब शेवटी फार प्रेमानं म्हणाला, तुम्ही मराठीतच शिकवत राहा. अबिसीनियाला जायचं बंद झालं ते असं, आणि बंद कुणी पाडलं हे वेगळं सांगायला नको.

घरी आलो तेव्हा शेजारीण ओट्यावर बसलेली. बायकोनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. ‘अवो, पाय धुवा, पाणी ठेवलंय,’ एवढंच म्हणाली. शेजारीण उठून गेली. मी भिंतीला टेकून बसलो. हिनं डोंगरातून शहापूर, शहापुरातून मुरबाड केलं, परत भीती गिळून परमुलुखात यायला तयार झाली, आणि मी एका त्रिकोणावर आपटलो. मला रडू येत होतं आणि या वेळी कांदा नव्हता.

ती जवळ येऊन बसली. म्हणाली, ‘आयझोश.’

हा शब्द आचाऱ्यानं शिकवला होता. घाबरलेल्या, दमलेल्या माणसाला म्हणतात. भिऊ नको, मी आहे, असा काहीतरी त्याचा अर्थ. बाईला आयझोश, बाप्याला आयझोह. माझ्यातला मास्तर त्या अवस्थेतही गप्प बसेना. ‘ह,’ मी म्हणालो. ‘आयझोह. आता चुकू नको.’

‘मना माहीत हाय,’ ती म्हणाली, आणि परत म्हणाली, ‘आयझोश.’

तिनं ते पुढं कधीच सुधारलं नाही. चारचौघांत अवो आणि तुमी, घरात कुणी नसलं की नेय आणि नेश. पोरं झाली, मोठी झाली, आम्ही परत शहापूरला येऊन राहिलो. पोरांना वाटायचं आई बाबांना सारखी नाही नाही म्हणते. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही.

ती जाऊन आता बरेच दिवस झाले. माझी आई त्याआधी गेली, थोरली बहीण गेली. माझ्या वयाला पोचल्यावर माणसाला मान फार मिळतो. पोरगा, सून, वाणी, डॉक्टर, सगळे तुम्ही म्हणतात. मला ‘तू’ म्हणणारं आता कुणी राहिलेलं नाही. ते मला फार लागतं. भाजी अळणी लागली की माझ्या तोंडून अजून ‘चव’ निघतं. सून विचारते, ‘चव नाही का बाबा भाजीला?’ मी म्हणतो, आहे गं, छान आहे.

परवा दुपारी ओटीवर डुलक्या काढत बसलो होतो. आत भांडी घासायला येणारी बाई सुनेशी कशावरून तरी बोलत होती. ‘नाय,’ ती म्हणाली, जरा लांबवून.

मी उठलो आणि आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

‘काय हवंय बाबा तुम्हाला?’ सुनेनं विचारलं.

‘मीठ,’ मी म्हणालो.